जुन्या धाटणीचं मॉड्युलर सिंथ निवडताना: आधी व्होल्ट, मग वायर, शेवटी आवाज

मॉड्युलर सिंथ म्हणजे वेगवेगळे भाग (मॉड्यूल) वायरींनी जोडून आवाज घडवणारं यंत्र. ते घेताना बहुतेकांची निवड उलट्या क्रमाने होते. एखाद्या फिल्टरचा नमुना ऐकला, आवडला, मागवला. मग त्याला शोभेल असा ऑसिलेटर (मूळ लहर निर्माण करणारं मॉड्यूल) आला, ते बसवायला खोका आला, आणि वीजपुरवठा खोक्यासोबत जो आला तो. म्हणजे आधी कळस, मग पाया. काही महिन्यांत एकच तक्रार उरते: आवाज छान आहे, पण जागचा हलत नाही. प्रायोगिक ध्वनीसाठी मॉड्युलर घेतात ते आवाज हलता ठेवण्यासाठी, आणि आवाज हलवतं ते व्होल्टेज. म्हणून निवडही व्होल्टेजपासूनच सुरू करायची. खालचा क्रम मोडू नका. टप्पा ३ आणि टप्पा ६ तर अजिबात वगळू नका, कारण सगळ्यात महागडे घोळ तिथेच होतात.

## तयारी

चौकटींची वही, साधा मल्टिमीटर, बऱ्यापैकी हेडफोन, ट्यूनर आणि संगणकावर एखादं मोफत मॉड्युलर सॉफ्टवेअर (व्हीसीव्ही रॅक पुरेसं आहे) एवढं जवळ असू द्या. वहीतली एक चौकट म्हणजे १ एचपी धरा. युरोरॅकच्या (मॉड्यूलच्या एका मापदंडाच्या) रुंदीचं हे माप ५.०८ मिमीचं असतं. हाताशी तीन आठवडे मोकळे ठेवा आणि तेवढ्या काळात काहीही विकत घेऊ नका.

## टप्पा १: हवे असलेले आवाज क्रियापदांत लिहा

"उबदार", "जाड", "जुना" ही विशेषणं निवडीला काडीची मदत करत नाहीत. पाच आवाज ठरवा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: त्यात काय बदलतं, किती वेळात बदलतं आणि तो बदल कोण घडवतं. उदाहरणार्थ, "ठिबकतो, प्रत्येक थेंब सुमारे ३०० मिलिसेकंदांत विझतो, थेंबांमधलं अंतर अनियमित". किंवा "घासत वर चढतो, ४० सेकंद लागतात, वर पोचल्यावर तुटतो".

आता यातून यंत्र कसं निघतं ते ठिबकणाऱ्या आवाजावर पाहू. थेंबाचा आवाज मंदावताना आधी चमक गमावतो आणि मग बळ. हे काम लो-पास गेट करतो. बुकला या जुन्या सिंथ-निर्मात्याच्या धाटणीच्या गेटमध्ये व्हॅक्ट्रॉल असतो, म्हणजे एका बंद डबीत समोरासमोर बसवलेला एलईडी आणि प्रकाशाने बदलणारा रोधक. ट्रिगर (सुरू होण्याचा क्षणिक व्होल्टेज-इशारा) आला की एलईडी क्षणभर पेटतो आणि रोध झटकन उतरतो. प्रकाश गेल्यावर मात्र रोध पूर्वपदावर यायला वेळ घेतो, आणि ती रेंगाळणारी शेपटी म्हणजेच थेंबाचं विझणं. इथे एन्व्हलप जनरेटर (आवाजाचा चढउतार आखणारं मॉड्यूल) लागतच नाही, नुसता ट्रिगर पुरतो. अनियमित अंतरासाठी डगमगणारं क्लॉक (ठेक्याचे पल्स देणारं मॉड्यूल) किंवा रँडम व्होल्टेज लागेल. एका वाक्यातून दोन मॉड्यूल ठरली आणि एकाची गरज नाही हेही कळलं.

पाचही आवाजांसाठी हेच करा. घासणाऱ्या आवाजाला ऑडिओच्या वेगाने होणारं फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एकमेकांना ढकलणारे दोन ऑसिलेटर. घंटेसारख्या बेसूर धातूला रिंग मॉड्युलेटर, म्हणजे दोन लहरींचा गुणाकार करणारं मॉड्यूल. एकाच स्वरातून उलगडत जाणाऱ्या खरखरीला वेव्हफोल्डर, म्हणजे लहर दुमडणारं मॉड्यूल. यादीत एकच नाव तीनदा आलं, तर तो तुमच्या रचनेचा कणा समजा.

तपासणी: यादीत आवाज निर्माण करणाऱ्या गोष्टी जास्त आणि त्यांना हलवणाऱ्या कमी दिसत असतील तर टप्पा पुन्हा करा. क्रियापदं नीट लिहिलेली नाहीत.

## टप्पा २: कोणत्या बाजूने आवाज घडवायचा ते ठरवा

हा टप्पा छोटा आहे. मोग आणि एआरपी या निर्मात्यांच्या धाटणीत आधीच भरगच्च असलेली लहर, म्हणजे करवती किंवा चौकोनी, फिल्टरने छाटत जायची. बुकला आणि सर्ज धाटणीत साधी लहर, म्हणजे साइन किंवा त्रिकोणी, मोडून, दुमडून, दुसऱ्या लहरीने हलवून भरगच्च करायची. दोन्ही एकत्र वापरता येतात, पण पहिल्या खरेदीत एकच बाजू भक्कम करा. दोन्हीकडून अर्धं अर्धं घेतलं की एक बरा फिल्टर आणि एक बरा फोल्डर हाती राहतो, आणि दोघांना पुरेसं नियंत्रण मिळत नाही. लांब, सरकणारे, कीबोर्डशी नातं नसलेले आवाज हवे असतील तर दुसरी बाजू लवकर फळ देते.

## टप्पा ३: मापदंड निवडा

इथे घाई नको. मापदंड म्हणजे पॅनेलची उंची, जॅकचा प्रकार, वीज आणि सिग्नलची भाषा. एकदा निवडला की पुढची सगळी खरेदी त्याच्या आत होते.

युरोरॅक. पॅनेलची उंची १२८.५ मिमी, ३.५ मिमी जॅक, ±१२ व्होल्ट, काही मॉड्यूलना +५ व्होल्टही लागतात. स्वराचा हिशोब १ व्होल्टला एक सप्तक. मोग, बुकला, सर्ज, रोलँड या सगळ्यांच्या धाटणीची मॉड्यूल या मापात मिळतात, म्हणून मिश्रणाला सगळ्यात सोपं. उणीव हाताची आहे. दाटीने बसवलेल्या लहान नॉबवर ४० सेकंदांचं संथ वळण हाताने घेणं अवघड जातं.

५यू (यू हे रॅकच्या उंचीचं एकक). उंची सुमारे २२२ मिमी, ६.३ मिमी जॅक, ±१५ व्होल्ट. नॉब मोठे, पॅनेल मोकळी, दुरुस्ती सोपी. जागा आणि वजन मात्र भरपूर. जुन्या मोग धाटणीत एक खाचखळगा आहे: एस-ट्रिगर. नेहमीचा गेट, म्हणजे स्वर किती वेळ चालू ठेवायचा ते सांगणारं व्होल्टेज, शून्यावरून वर चढतो. एस-ट्रिगर उलट वागतो आणि वायर जमिनीला (ग्राउंडला) भिडवली की चालू होतो. साधा गेट थेट जोडला तर एन्व्हलप चालत नाही, किंवा नको तेव्हा चालतो. नव्या नकलांपैकी पुष्कळ साधा गेट घेतात, पण प्रत्येक एन्व्हलप मॉड्यूलबद्दल वेगळं विचारा.

४यू, बुकला धाटणी. इथे ऑडिओ आणि नियंत्रण यांच्या वायरीच वेगळ्या. नियंत्रणाला बनाना (एकाच तारेचा प्लग), ऑडिओला टिनी-जॅक्स (३.५ मिमीसारखा दिसणारा छोटा जॅक). २०० मालिकेच्या हिशोबात १.२ व्होल्टला सप्तक, म्हणजे अर्धस्वराला बरोबर ०.१ व्होल्ट. हे व्होल्टेज १ व्होल्टच्या ऑसिलेटरला दिलं तर सप्तकाऐवजी १४.४ अर्धस्वरांची उडी पडते. उलट जोडलं तर दहाच अर्धस्वरांची. प्रायोगिक कामात हे चालूनही जाईल, पण माहीत असून चालवणं वेगळं आणि "ऑसिलेटर बिघडलाय" म्हणून परत पाठवणं वेगळं.

४यू, सर्ज धाटणी. सगळीकडे बनाना, आणि रंगावरून काम कळतं: काळा ऑडिओ, निळा नियंत्रण व्होल्टेज, लाल पल्स. एकाच प्लगवर दुसरा प्लग चढतो, त्यामुळे एक सिग्नल चार ठिकाणी न्यायला वेगळं मॉड्यूल लागत नाही. एकाच स्लोप जनरेटरला (चढत-उतरत जाणारं व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलला) एन्व्हलप, एलएफओ (संथ ऑसिलेटर), डिले, ऑसिलेटर किंवा स्वरांमधली मींड करणारा बनवता येतं. कमी मॉड्यूलमध्ये जास्त प्रयोग करायचे असतील तर ही धाटणी सगळ्यात उदार आहे. शिकायला मात्र वेळ मागते, कारण पॅनेलवर "एन्व्हलप" असं सहसा लिहिलेलं नसतं.

पिन मॅट्रिक्स. ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस३ या सिंथमध्ये वायरींऐवजी १६ गुणिले १६ छिद्रांची पाटी आहे आणि जोडणी पिनने होते. पिनच्या आत रोधक असतो: पांढऱ्या आणि लाल पिनमध्ये २.७ किलोओहम (लाल जास्त अचूक, १ टक्क्याचा), हिरव्यात ६८ किलोओहम, म्हणजे सिग्नल बराच कमी. फीडबॅकसाठी (आउटपुट पुन्हा आत वळवण्यासाठी) ही पद्धत अतिशय सोयीची, कारण पिन एका घराने सरकवली की नवी जोडणी. सुरात वाजवण्यासाठी मात्र हे यंत्र निवडू नका.

अर्ध-मॉड्युलर. एआरपी २६०० किंवा कॉर्ग एमएस-२० धाटणीत आतली जोडणी आधीच असते आणि वायर लावली की ती मोडते. सुरुवातीला उत्तम. फक्त एमएस-२० हा हर्ट्झ-दर-व्होल्ट पद्धतीचा आहे: सप्तकासाठी १, २, ४, ८ व्होल्ट असं दुप्पट करत जावं लागतं, आणि ट्रिगरही एस प्रकारचा. युरोरॅकशी थेट जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सावधान: बनाना केबलमध्ये एकच तार असते, जमीन नसते. दोन वेगळे बनाना खोके, किंवा बनाना आणि युरोरॅक जोडताना दोघांची जमीन एका स्वतंत्र वायरीने जोडावीच लागते. ती नसली की स्वर भरकटतात, गुणगुण येते, गेट कधी पोचतो कधी नाही. लोक अशा वेळी मॉड्यूल उघडून बसतात, आणि दोष एका वायरीचा असतो.

सावधान: टिनी-जॅक्स ३.५ मिमीच्या जॅकसारखा दिसतो, पण तो त्याहून किंचित वेगळ्या मापाचा आहे. साध्या ३.५ मिमी प्लगने जोडणी सैल राहते. योग्य प्लगच्या केबल घ्या.

## टप्पा ४: सॉफ्टवेअरमध्ये हात बांधून सराव

सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोठी चूक म्हणजे हवं तितकं घेणं. शंभर मॉड्यूल टाकून मिळालेल्या आवाजावरून खऱ्या रचनेचं काहीच ठरत नाही. दोन ओळी, प्रत्येकी १०४ एचपी एवढीच जागा घ्या. टप्पा १ च्या यादीतली मॉड्यूल बसवा आणि दहा पॅच (वायरींच्या जोडण्या) बनवा. प्रत्येक मॉड्यूलचं एक रूप एकदाच, दुसरी प्रत वापरायची नाही.

पॅच संपला की वहीत दोन खुणा करा: कोणतं मॉड्यूल कमी पडलं आणि कोणत्याला हात लागला नाही. दहा पॅचनंतर पान पाहिलं की जवळजवळ नेहमी हेच दिसतं: ऑसिलेटर कमी पडला म्हणून खूण क्वचित, आणि व्हीसीए (व्होल्टेजने पातळी बदलणारं मॉड्यूल), मिक्सर, अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) यांच्यापुढे खुणांची रांग. नियंत्रण व्होल्टेज किती प्रमाणात पोचवायचं हे ठरवणारी ही साधी मॉड्यूल. त्यांच्याविना प्रत्येक बदल पूर्ण ताकदीने होतो आणि सगळे आवाज एकसारखे किंचाळतात.

तपासणी: दहापैकी तीन पॅच तरी हात न लावता दोन मिनिटं बदलत राहिले पाहिजेत. नाही राहिले तर रँडम आणि स्लोपची संख्या वाढवा, ऑसिलेटरची नाही.

## टप्पा ५: यादी पक्की करा आणि एचपी मोजा

आवाजाच्या प्रत्येक उगमामागे त्याला हलवणारे किमान दोन आणि प्रमाण ठरवणारे दोन, असा ढोबळ हिशोब ठेवा. युरोरॅकमध्ये दोन ओळींची, २०८ एचपीची प्रयोगासाठीची रचना साधारण अशी उतरते:

- दोन ऑसिलेटर आणि फोल्डर एकत्र असलेला कॉम्प्लेक्स ऑसिलेटर: २८ ते ४०
- आणखी एक साधा ऑसिलेटर: ८ ते १२
- दोन वाहिन्यांचा लो-पास गेट: ८ ते १६
- फिल्टर: ८ ते १४
- दोन वाहिन्यांचा स्लोप जनरेटर: २० च्या आसपास, सोबत एक छोटा: ८ ते १०
- नॉइज, रँडम, सॅम्पल अँड होल्ड (ट्रिगरच्या क्षणाचं व्होल्टेज धरून ठेवणारा): १४ ते १८
- चार व्हीसीए: १२ ते १६
- मिक्सर आणि अटेन्युव्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा किंवा उलटवणारा, नॉब मध्यावर असता शून्य): ८ ते १२
- आठ पायऱ्यांचा सिक्वेन्सर (ठरवलेली व्होल्टेज क्रमाने देणारा): २४ ते ४०
- रिंग मॉड्युलेटर: ४ ते ८
- बाहेरचा आवाज आत घेणारा प्रीअँप, एन्व्हलप फॉलोअरसह (आवाजाच्या चढउताराचं व्होल्टेज बनवणारा): ६ ते ८
- मल्टिपल (एक सिग्नल अनेक ठिकाणी नेणारा): ४ ते ६
- आउटपुट: ४ ते ८

कमीत कमी बेरीज १५६ येते, जास्तीत जास्त २२८. म्हणजे प्रत्येक ठिकाणी मोठं रूप घेतलं तर बसतच नाही. कुठे मोठं हवं ते ठरवा. आमच्या मते मोठी जागा स्लोप आणि रँडमला द्यावी, सिक्वेन्सरला नाही. आठ पायऱ्यांचा साधा सिक्वेन्सर रँडम क्लॉकने चालवला की पुष्कळ देतो.

प्रीअँप आणि एन्व्हलप फॉलोअर वगळण्याकडे कल असतो. वगळू नका. दगड घासल्याचा, दाराच्या करकरीचा आवाज कॉन्टॅक्ट माइकने (वस्तूला चिकटवायच्या माइकने) आत घेतला आणि त्याच्या चढउताराने फिल्टर हलवला, की जे मिळतं ते आणखी दोन ऑसिलेटर घेऊनही मिळणार नाही.

मल्टिपलबद्दल एक हिशोब ध्यानात घ्या. स्वराचं व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलचा आउटपुट रोध १ किलोओहम आणि ऑसिलेटरचा इनपुट १०० किलोओहम धरा. साध्या, बिनविजेच्या मल्टिपलवर दुसरा ऑसिलेटर जोडला की ३ व्होल्टवर आणखी सुमारे २९ मिलिव्होल्ट गळतात. अर्धस्वर म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट, त्यामुळे स्वर सुमारे ३५ सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) उतरतो. कानाला सहज कळतं. स्वरासाठी बफर असलेला, म्हणजे विजेवर चालणारा मल्टिपल घ्या. गेट, एलएफओ, रँडम यांना साधा चालतो.

## टप्पा ६: खोका आणि वीज, मॉड्यूल मागवण्याआधी

खोक्याची रुंदी आधी कळलेली असते: १०४ गुणिले ५.०८ म्हणजे सुमारे ५२८ मिमी. खोली मात्र विसरली जाते. प्रत्येक मॉड्यूलची खोली मिमीमध्ये लिहा, सगळ्यात खोल असेल ती घ्या आणि त्यात रिबन केबलचा प्लग आणि वळण यासाठी १५ मिमी मिळवा. ते खोक्याच्या आतल्या मोकळ्या खोलीपेक्षा जास्त असेल तर मॉड्यूल बसणार नाही. वीजपाटीच्या (मॉड्यूलना वीज वाटणाऱ्या पाटीच्या) वरची खोली वेगळी मोजा, कारण तिथे जागा आणखी कमी असते.

विजेचा हिशोब तीन रकान्यांत: +१२, −१२, +५. प्रत्येक मॉड्यूलचा मिलिअँपिअर आकडा तिन्हींत लिहा. समजा +१२ ची बेरीज ९४० आणि −१२ ची ६१० आली. पुरवठ्याच्या क्षमतेच्या पाऊण हिश्श्याहून जास्त भार टाकायचा नाही, म्हणून दोन्ही आकड्यांना ०.७५ ने भागा. +१२ वर किमान १२५५ आणि −१२ वर किमान ८१५ मिलिअँपिअरचा पुरवठा हवा. हा राखीव हिस्सा उधळपट्टी नाही. चालू होण्याच्या क्षणी सगळी मॉड्यूल एकदम जास्त वीज ओढतात, आणि काठोकाठ पुरवठा तिथेच मान टाकतो. दिवे लागतात, आवाज येत नाही, मग दिवे मिणमिणतात.

नुसती एकूण बेरीज करू नका. +१२ वर भरपूर शिल्लक असूनही −१२ तोकडा पडल्याने सगळी रचना डगमगते, आणि असे पुरवठे बाजारात पुष्कळ आहेत ज्यांची −१२ ची क्षमता +१२ पेक्षा बरीच कमी असते.

आता रिबन केबल. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. युरोरॅकमध्ये लाल रेघ −१२ च्या बाजूला. पाटीवर आणि मॉड्यूलच्या मागेही ती बाजू लिहिलेली असते. दोन्ही ठिकाणी डोळ्यांनी पाहा आणि बोट ठेवून वाचा. दहा पिनांची केबल उलटी लागली तर +१२ आणि −१२ ची अदलाबदल होते. मॉड्यूलमध्ये संरक्षक डायोड असेल तर वाचतं, नसेल तर आयसी जातात. सोळा पिनांची उलटी लागली तर मॉड्यूलच्या जमिनीच्या पिनांमधून +१२ आणि +५ एकमेकांना भिडतात, आणि मग नुकसान त्या एकाच मॉड्यूलपुरतं राहत नाही. +५ वर जगणारं प्रत्येक डिजिटल मॉड्यूल धोक्यात येतं.

सावधान: केबल लावताना किंवा काढताना पुरवठा भिंतीतून काढलेला असला पाहिजे. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

तपासणी: रिकाम्या पाटीवर मल्टिमीटरने तिन्ही व्होल्टेज मोजा. ±१२ साठी ११.९ ते १२.१ उत्तम. मग एकच मॉड्यूल लावून चालू करा, पुन्हा मोजा, मग पुढचं. दहा मॉड्यूल एकदम लावून चालू केलं तर दोष कुणात आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

सिक्वेन्सरचे दिवे पायरी बदलतात तसा ऑसिलेटरचा स्वर किंचित हलत असेल, तर ऑसिलेटर निर्दोष असण्याची शक्यता जास्त. दिव्यांचा बदलता प्रवाह जमिनीच्या सामाईक पट्टीतून परततो आणि त्या पट्टीवरचं व्होल्टेज हलवतो. दिवेवाली आणि डिजिटल मॉड्यूल पाटीच्या एका टोकाला, पुरवठ्याजवळ ठेवा, ऑसिलेटर दुसऱ्या पाटीवर.

## टप्पा ७: तीन हप्त्यांत खरेदी

पहिल्या हप्त्यात खोका, पुरवठा, आउटपुट, स्लोप जनरेटर, व्हीसीए, एकच ऑसिलेटर, लो-पास गेट. दुसऱ्यात रँडम, मिक्सर-अटेन्युव्हर्टर, फोल्डर किंवा दुसरा ऑसिलेटर, प्रीअँप. तिसऱ्यात सिक्वेन्सर, फिल्टर, रिंग मॉड्युलेटर आणि उरलेलं. दोन हप्त्यांमध्ये किमान सहा आठवडे ठेवा. पहिल्या हप्त्यातली पाच मॉड्यूल नीट चालवल्यावर तिसऱ्या हप्त्याच्या यादीतली एक-दोन नावं आपोआप खोडली जातात.

केबल विसरू नका. जितके आउटपुट जॅक, त्याच्या निम्म्या केबल लागतातच. लांबी १५, ३० आणि ६० सेमी मिसळून घ्या, त्यात ३० सेमीच्या जास्त. सगळ्या लांब घेतल्या की नॉबपर्यंत हातच पोचत नाही.

## टप्पा ८: वापरलेलं, जुनं किंवा नकलेचं मॉड्यूल तपासणं

यंत्र अर्धा तास चालू ठेवल्याशिवाय ऑसिलेटरबद्दल मत बनवू नका. थंड ऑसिलेटर सरकणारच. मग ट्यूनर लावून ११० हर्ट्झवर आणा आणि एकेक व्होल्ट वाढवा: २२०, ४४०, ८८०. तीन सप्तकांत ५ सेंटच्या आत राहिला तर उत्तम, १० पर्यंत प्रायोगिक कामाला पुष्कळ. चूक प्रत्येक सप्तकाला सारखीच वाढत असेल तर ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून सुटेल. फक्त वरच्या सप्तकात बिघडत असेल आणि उच्च स्वरांसाठी वेगळा ट्रिमर नसेल, तर तसंच राहील.

व्हीसीएला मोठा आवाज देऊन नियंत्रण शून्यावर आणा आणि हेडफोनवर ऐका. झिरपणारा आवाज शांत जागांमध्ये छळतो. लो-पास गेटला दहा सारखे ट्रिगर द्या, दोन्ही वाहिन्यांत. व्हॅक्ट्रॉल एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे शेपटीत थोडा फरक दोष नाही. एक वाहिनी दुप्पट रेंगाळत असेल तर दोष आहे. सॅम्पल अँड होल्डने एक व्होल्टेज धरून ते ऑसिलेटरला द्या आणि मिनिटभर थांबा. स्वर अर्धस्वराहून जास्त घसरला तर धरून ठेवणारा कपॅसिटर किंवा त्याभोवतीचा भाग गळतोय. शेवटी प्रत्येक नॉब सावकाश फिरवा. खरखर साफसफाईने जाते, पण मध्येच तुटणारा सिग्नल नव्या पॉटशिवाय (नॉबमागच्या बदलत्या रोधकाशिवाय) जात नाही.

अस्सल १९७० च्या दशकातलं यंत्र घेत असाल तर तीन प्रश्न आधी. पुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेत का? ट्रान्सफॉर्मर तुमच्या घरच्या व्होल्टेजचा आहे का, की वळण बदलावं लागेल? आणि आतले भाग उघडता येतात का? एआरपीच्या जुन्या यंत्रांत काही सर्किट राळेत पूर्ण बुडवलेली आहेत. ती दुरुस्त होत नाहीत, अख्खी बदलावी लागतात. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र "चालतंय का बघू" म्हणून थेट भिंतीत लावू नका. जुना कपॅसिटर फुटला तर पुरवठ्यासोबत बाकीचंही घेऊन जातो.

## टप्पा ९: पहिल्या हप्त्याची आणि दुसऱ्याची परीक्षा

रचना पुरेशी आहे की नाही हे एका पॅचने कळतं. स्लोप जनरेटर स्वतःच फिरता ठेवा, एक फेरी सुमारे ४ सेकंदांची. त्याच्या फेरी संपल्याचा पल्स सॅम्पल अँड होल्डच्या ट्रिगरला आणि लो-पास गेटलाही. सॅम्पल अँड होल्डच्या इनपुटला नॉइज. त्यातून निघणारं व्होल्टेज दोन वाटांनी न्या: एक अटेन्युएटरमधून ऑसिलेटरच्या स्वराला, दुसरी अटेन्युव्हर्टरमधून त्याच स्लोपच्या वेळेला. ऑसिलेटर गेटमधून बाहेर. स्लोपचा आउटपुट फोल्डरला.

आता प्रत्येक फेरीचा स्वर वेगळा आणि पुढच्या फेरीची लांबीही वेगळी. वेळेकडे जाणारं व्होल्टेज जास्त झालं तर एखादी फेरी मिनिटभर अडकते आणि पॅच मेल्यासारखा वाटतो. नॉब मध्यावरून अगदी थोडा वळवलेला पुरतो. अडकल्यावर लगेच वायरी काढू नका, आधी तो नॉब मध्यावर आणा.

तपासणी: पॅच वीस मिनिटं चालू ठेवून ऐका. एका ठरावीक ठेक्यावर घसरत असेल तर रँडमची एकच वाट आहे. दुसरी, संथ वाट लागेल. मोकळी अटेन्युव्हर्टर वाहिनी उरली नसेल, तर पुढची खरेदी तीच.

## ध्वनिमुद्रणाला जोडताना

युरोरॅकचा ऑडिओ साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो, म्हणजे साइन लहरीला +१३ डीबीयूच्या (ऑडिओ पातळीच्या एककाच्या) आसपास. घरगुती लाइन इनपुट ०.९ व्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपासचा सिग्नल धरून बनवलेला असतो. फरक सुमारे २१ डेसिबलचा. थेट जोडून मिळणारी फाटकी खरखर कित्येक जण "जुन्या धाटणीचा पोत" समजतात. तो इनपुट कोंबल्याचा आवाज आहे. आउटपुट मॉड्यूलवर पातळी शून्यापासून चढवा, मुद्रणात वरचं टोक −१२ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) जवळ ठेवा. अचानक फुटणारे फीडबॅक त्या मोकळ्या जागेत मावतात. फीडबॅकचे पॅच करताना हेडफोन गळ्यात ठेवा, कानावर नाही.

केबल काढण्याआधी पॅचचा फोटो पुरत नाही, कारण वायरींच्या गर्दीत नॉब दिसत नाहीत. वहीत "कुठून, कुठे, अटेन्युएटर किती वाजता" असे तीन रकाने लिहा, आणि घड्याळाच्या काट्यांत लिहा: ९, १२, २.